साठीनंतर गोल्फ: पहिल्या बकेटपासून पक्क्या चौकडीपर्यंत

निवृत्तीनंतरच्या तिसऱ्या महिन्यात मी घरात जरा जास्तच दिसायला लागलो. डब्यांना लेबलं लावून झाली, गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह दोनदा खोलून झाला. शेवटी बायकोनेच माझ्या एका जुन्या सहकाऱ्याला फोन केला, "भाऊजी, यांना कुठेतरी घेऊन जा हो." भाऊजी गोल्फ खेळत होते. त्या दिवशी मी पहिल्यांदा ड्रायव्हिंग रेंजवर (फटक्यांचा सराव करायच्या जागी) उभा राहिलो तेव्हा एकसष्ट वर्षांचा होतो. आज अडुसष्टचा आहे. आठवड्यातून दोनदा खेळतो, एकदा नुसता सराव करतो.

पहिलं दीड वर्ष मात्र मी उलट्या क्रमाने घालवलं. आधी दुकान, मग मैदान, मग कोच आणि दुखायला लागल्यावर डॉक्टर. खाली तो क्रम सरळ करून दिला आहे. गोल्फबद्दल जे काही वाचायला-बघायला मिळतं ते बहुतेक लांब कसं मारायचं याबद्दल असतं. माझी कसोटी वेगळी आहे: आज खेळल्यावर पुढच्या मंगळवारी पुन्हा खेळता आलं पाहिजे. जे त्यात बसत नाही ते मी सोडून दिलं आहे.

१. पहिली भेट डॉक्टरांची

"थोडं चालणं होतं" असं डॉक्टरांना सांगू नका. आकडे सांगा. १८ होलचा (बॉल घालायच्या खड्ड्यांचा) राउंड, म्हणजे पूर्ण डाव, चालत खेळलात तर आठ-दहा किलोमीटर होतात, चार-साडेचार तास लागतात, आणि त्यातला निम्मा वेळ उन्हात जातो. हे ऐकल्यावर त्यांचे प्रश्न बदलतात. तुम्हीही विचारा: लघवीवाटे पाणी काढणारी बीपीची गोळी असेल तर राउंडच्या दिवशी ती कधी घ्यायची? साखरेची औषधं चालू असतील तर मध्ये काय खायचं, कधी खायचं? रक्त पातळ होण्याची गोळी असेल तर पडण्या-धडपडण्याची काय काळजी घ्यायची? मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत क्लबला (गोल्फच्या काठीला) हात लावू नका.

चष्म्याचं मला कुणी सांगितलं नव्हतं. प्रोग्रेसिव्ह चष्म्याचा खालचा भाग वाचण्यासाठी असतो. गोल्फमध्ये बॉल पायाशी असतो, नजर नेमकी त्या खालच्या भागातून जाते आणि बॉल पसरट, किंचित हललेला दिसतो. चार महिने मी बॉलच्या डोक्यावर मारत होतो, बॉल जमिनीवरून सरपटत जायचा आणि माझ्या स्विंगमध्ये (क्लब फिरवण्यात) काय काय चुकतंय यावर सगळे बोलायचे. फक्त लांबच्या नंबरचा साधा चष्मा करून घेतला आणि निम्मा आजार गेला. तो चष्मा आता गोल्फच्या बॅगेतच असतो.

घरी तीन आठवडे एवढंच करा: दात घासताना एका पायावर उभं राहणं (बेसिनला एक हात लावून), आणि खुर्चीवर बसून, गुडघे समोर ठेवून, खांदे डावीकडे-उजवीकडे वळवणं. गोल्फला लागतो तो हाच तोल आणि हाच पीळ.

२. मैदान घराजवळचं निवडा

महाराष्ट्रात चांगली मैदानं आहेत, पण बरीचशी क्लबांची. मुंबईत चेंबूरचं बॉम्बे प्रेसिडेन्सी, ताडदेवचं विलिंग्डन, पुण्यात येरवड्याला पूना क्लबचं. अशा क्लबात सदस्य व्हायचं तर सुचवणारा एक, अनुमोदन देणारा एक, मोठं शुल्क आणि वर्षानुवर्षांची प्रतीक्षा यादी. साठीला अर्ज करून सत्तरीला बोलावणं येण्यात काय मजा? त्यापेक्षा सदस्य असलेल्या ओळखीच्या माणसाबरोबर पाहुणा म्हणून जा, पाहुण्याची फी स्वतः भरा आणि चहाही तुम्हीच पाजा. पुढचं आमंत्रण त्यावर अवलंबून असतं.

सदस्यत्वाशिवाय ग्रीन फी (त्या दिवसाचं खेळण्याचं शुल्क) भरून खेळता येतं अशा ठिकाणांत नवी मुंबईतलं सिडकोचं खारघर व्हॅली मोठ्या कामाचं. डोंगरांच्या कुशीत आहे, सकाळी छान वाटतं. सैन्यातून निवृत्त झालेल्यांना त्यांच्या मैदानांचे मार्ग मोकळे असतात, त्यांना मी काय सांगणार.

दर सगळीकडे वेगळे आणि बदलते. फोन करून चार गोष्टी विचारा: आठवड्यातल्या साध्या दिवसाचा दर, फक्त ९ होलचा दर, ज्येष्ठ नागरिकांना सवलत आहे का, आणि कॅडीची (बॅग घेऊन सोबत चालणाऱ्या मदतनिसाची) फी वेगळी की आतच. शनिवार-रविवार नोकरदारांना सोडा. आपल्याला मंगळवार आहे.

घरापासून पाऊण तासाच्या पलीकडचं मैदान कितीही देखणं असलं तरी पहिल्या वर्षी नको. पहाटे साडेपाचला उठून सव्वा तास गाडी हाकायची, खेळायचं आणि परत हाकत यायचं. तिसऱ्या आठवड्यात आळस जिंकतो. चढउतारही बघून घ्या. पुण्याजवळ ऑक्सफर्डचं मैदान डोंगरउतारावर आहे. दृश्य सुंदर, पण गुडघे कुरकुरत असतील तर तिथे बग्गी (मैदानावर फिरायचं छोटं वाहन) घ्यावी आणि त्यात कमीपणा मानू नये.

३. कोच, आणि फुकटचे कोच

यूट्यूबवरून गोल्फ शिकता येत नाही असं नाही, पण आपली पाठ आपल्याला दिसत नाही. किमान आठ-दहा धडे माणसाकडून घ्या. माझा कोच माझ्या मुलाहून लहान. पहिल्याच दिवशी म्हणाला, "काका, तुम्ही बॉलवर राग काढताय." खरं होतं.

कोचला सुरुवातीलाच सांगा की कंबर कुठे अडते, कोणता खांदा वर जात नाही. चांगला कोच त्याप्रमाणे स्विंग बेतून देतो. माझ्यासाठी त्याने दोन बदल केले. दोन्ही पायांचे चवडे जरा बाहेर वळवून उभं राहायला लावलं, आणि क्लब मागे नेताना डावी टाच थोडी उचलू दिली. त्यामुळे कमरेवरचा ताण उतरला. टाच जमिनीला खिळलेलीच पाहिजे असं म्हणणारे भेटतील. ते तिशीतले असतात.

शिकण्याचा क्रम होलपासून मागे ठेवा. आधी पुटिंग (बॉल जमिनीवरून होलाकडे घरंगळवणं), मग ग्रीनच्या (होलाभोवतीच्या बारीक गवताच्या) कडेवरून चिपिंग (छोटा उडता फटका), मग छोटे आयर्न (धातूच्या पातळ तोंडाचे क्लब), आणि ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) सगळ्यात शेवटी. कारण हिशेबात आहे. पार ७२ च्या, म्हणजे ७२ फटके अपेक्षित असलेल्या, मैदानावर प्रत्येक ग्रीनवर दोन पुट धरलेले असतात, म्हणजे ३६ फटके, बरोबर निम्मे. आणि पुटला ताकद लागत नाही. पंचवीस वर्षांचा दांडगा पोरगा आणि तुम्ही तिथे सारखेच. जीन साराझन या अमेरिकन खेळाडूने १९७३ च्या ब्रिटिश ओपनमध्ये, वयाच्या ७१ व्या वर्षी, स्कॉटलंडमधल्या ट्रूनच्या आठव्या होलवर एका फटक्यात बॉल होलात घातला. तो होल जेमतेम सव्वाशे यार्डांचा. दुसऱ्या दिवशी त्याच होलवर बॉल बंकरमध्ये गेला, तर त्याने वाळूतून थेट होलात मारला. सँड वेजला (वाळूतून बॉल काढायच्या क्लबला) आजचं रूप दिल्याचं श्रेय याच माणसाला देतात, त्यामुळे वाळूशी त्याची जुनी ओळख.

धोक्याची सूचना दोन. एक, रेंजवर शेजारच्या मॅटवरून सल्ले येतील. "डोकं खाली ठेवा", "कोपर सरळ", "ग्रिप सैल". नम्रपणे "हो, हो" म्हणा आणि कोचने सांगितलं तेच करा. दोन, बॉल मोजून मारा. पहिल्या उत्साहात एका सकाळी मी बॉलच्या चार बकेटा रिकाम्या केल्या, सगळ्या कडक मॅटवरून. दुसऱ्या दिवशी चहाचा कप उचलवेना. कोपराने सहा आठवडे घरी बसवलं. आता पन्नास-साठ बॉल, त्यातही प्रत्येक बॉलनंतर एक पाऊल मागे, एक श्वास.

४. सामान: अर्धा सेट पुरे

नियमाप्रमाणे बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब ठेवता येतात. किमान किती असावेत याला नियम नाही. सुरुवातीला आठच घ्या:

- ड्रायव्हर, लॉफ्ट (क्लबच्या तोंडाचा कल) १२ अंशांच्या आसपास (किंवा पहिले सहा महिने नकोच)
- ५ वूड (लांब मारायचा, जाड तोंडाचा क्लब)
- एक हायब्रिड (वूड आणि आयर्नच्या मधला)
- ७ आणि ९ नंबरचे आयर्न
- पिचिंग वेज (जवळून उंच मारायला), सँड वेज
- पुटर

यासोबत डाव्या हाताचा ग्लव्ह (डावखुऱ्यांना उजव्या), मऊ स्पाइकचे बूट, टी (बॉल ठेवायच्या छोट्या खुंट्या), ग्रीनवरचा खड्डा बुजवायचा छोटा काटा, बॉलची खूण ठेवायला एक रुपयाचं नाणं, टॉवेल, टोपी. बॉल टू-पीस (दोन थरांचे) आणि मऊ घ्या, तेही वापरलेले. तळ्यातून काढून, धुऊन विकतात ते. पहिल्या वर्षी ते पुन्हा तळ्यातच जाणार आहेत.

आता माझी चूक. एका दुकानात जुना पण भारी ब्रँडचा सेट बघितला, दुकानदार म्हणाला "साहेब, असा माल परत येत नाही", आणि मी घेतला. स्टीलचे जड, कडक शाफ्ट (क्लबचे दांडे), तरुण खेळाडूच्या वेगासाठी बनवलेले. सात नंबरच्या आयर्नने बॉल साठ यार्डांवर धपकन पडायचा आणि हाताला झिणझिण्या यायच्या. आपल्याला लागतो हलका ग्रॅफाइट शाफ्ट आणि "सीनियर" फ्लेक्स, म्हणजे जास्त लवचीक दांडा. नंतर तोच सेट मी निम्म्या किमतीत विकला. घेण्याआधी रेंजवर कोचचे, मित्रांचे क्लब मारून बघा. अमेरिकेतला मुलगा किंवा भाचा "मी आणतो" म्हणाला तर त्याला उंची, मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर आणि "सीनियर फ्लेक्स" हे दोन शब्द लिहून पाठवा. नाहीतर तो स्वतःला आवडेल ते आणतो.

एक स्वस्त गंमत: पुटरच्या मुठीच्या टोकाला बसवायचा रबरी कप मिळतो. होलमधला बॉल त्याने वर ओढून येतो, वाकावं लागत नाही. माझ्या चौकडीत आधी सगळे हसले. आता चौघांच्याही पुटरला तो आहे.

५. कागदपत्रं

एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये एवढं तयार ठेवा:

- फोटो ओळखपत्र, वय दिसेल असं (आधार चालतं), आणि दोन झेरॉक्स
- पासपोर्ट आकाराचे चार फोटो
- पाहुणा म्हणून जात असाल तर सदस्याचं नाव आणि सदस्य क्रमांक
- हँडिकॅप (तुमच्या खेळाची पातळी सांगणारा आकडा) असेल तर त्याचं प्रमाणपत्र. दुसऱ्या क्लबात किंवा परदेशात खेळायला गेलात तर विचारतात
- एका कार्डावर रक्तगट, चालू औषधं, घरचा नंबर

शेवटचं कार्ड कुणी मागत नाही. बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा आणि कॅडीला दाखवून ठेवा.

६. पहिला राउंड

कॉलरचा टी-शर्ट, साधी पँट किंवा गुडघ्यापर्यंतची शॉर्ट. जीन्स नको, गोल गळ्याचा टी-शर्ट नको. मला पहिल्या दिवशी एका ठिकाणच्या फाटकावरून जीन्समुळे परत पाठवलं होतं, सोबतचे तिघे आत गेले आणि मी गाडीत रेडिओ ऐकत बसलो.

अर्धा तास आधी पोहोचा. नाव नोंदवा, कॅडी मास्टरकडून कॅडी घ्या. नवख्याने कॅडी घ्यावाच. फी किती, ती कुठे भरायची हे आधी विचारून घ्या आणि राउंडनंतर घासाघीस करू नका. वीस-वीस वर्षं त्याच मैदानावर चालणारी माणसं असतात ही, कित्येक स्वतः उत्तम खेळतात. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू अली शेर दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणूनच मोठा झाला. माझा नेहमीचा कॅडी कमी बोलतो. पुट हुकला की दोन सेकंद थांबतो, मग म्हणतो, "सर, डोकं लवकर उठलं." बॉल कुठे गेला हे बघायची घाई कुणाला नसते!

हिवाळ्यात पहिल्या ग्रीनवर दव असतं. कुणी पुट मारला की बॉल आपल्यामागे एक काळपट ओली रेघ सोडत जातो, मागे बारीक तुषार उडतात. ती रेघ नीट बघा. सुरुवातीला सरळ, मग वेग उतरला की शेवटच्या दोन-तीन फुटांत उताराकडे वाकलेली. ग्रीन कुठे कलतं हे पुस्तकात वाचून कळलं नाही ते मला अशा रेघांवरून कळलं. ऊन चढलं की पाटी कोरी.

रीतीभाती पटकन: दुसरा मारत असताना बोलू नका, हलू नका. त्याच्या पुटच्या रेषेवर पाय देऊ नका. बंकरमधून निघताना रेकने वाळू सारखी करा. बॉल माणसांकडे जाताना दिसला तर लाज न बाळगता "फोर!" ओरडा. हरवलेला बॉल शोधायला २०१९ पासून तीनच मिनिटं आहेत. त्याच बदलांत आपल्या वयाला दोन सोयी झाल्या: बॉल खांद्याच्या उंचीवरून टाकायचा तो आता गुडघ्याच्या उंचीवरून टाकायचा, आणि पुट करताना झेंडा होलातच ठेवला तरी चालतं.

खेळायला घेण्याआधी दहा मिनिटं अंग मोकळं करा. गाडीतून उतरून थेट ड्रायव्हर फिरवणारे लोक मी फिजिओथेरपिस्टकडे पुन्हा भेटलेले आहेत.

आणि पहिल्या दिवशी ९ होलच. दमला नसलात तरी ९ च.

७. पुढच्या टीवरून मारा

या एका पायरीवर सगळ्यात जास्त अडतं, आणि अडतं ते मिशीत. प्रत्येक होलवर वेगवेगळ्या रंगांच्या टी (पहिला फटका मारायच्या जागा) असतात, मागच्या लांब, पुढच्या जवळ. लाल टीला आपल्याकडे सर्रास "लेडीज टी" म्हणतात, म्हणून पुरुष तिकडे फिरकत नाहीत. मग चारशे यार्डांच्या पार ४ वर वूडने तीन फटके मारूनही ग्रीन येत नाही, कंबर लचकते, मागचे लोक खोळंबतात.

ढोबळ हिशेब असा: तुमच्या ५ नंबरच्या आयर्नचं अंतर गुणिले ३६. (सेटमध्ये ५ नसेल तर हायब्रिडचं धरा, जवळपास तेच.) १३० यार्ड जात असेल तर ४६८० यार्डांच्या आसपासचं मैदान तुमचं. बहुतेक मैदानांच्या मागच्या टी सहा हजारांच्या पुढे असतात, म्हणजे बघा. अमेरिकेत २०११ पासून "पुढून मारा" अशी मोहीमच तिथल्या गोल्फ संघटनांनी चालवली. माझ्या चौकडीतल्या कर्नलसाहेबांनी वर्षभर मागून मारलं. एका सोमवारी गुडघा सुजला, मंगळवारी गुपचूप लाल टीवर उभे राहिले आणि त्या दिवशी आयुष्यातली पहिली बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) केली. त्यानंतर रंगाचा विषय निघाला नाही.

८. हँडिकॅप आणि गुण

हँडिकॅपमुळे वेगवेगळ्या ताकदीची माणसं एकत्र खेळू शकतात. २०२० पासून जगभर एकच पद्धत आहे: एकूण ५४ होलचे स्कोअर जमा केले की (तीन पूर्ण राउंड, किंवा ९-९ चे सहा) तुम्हाला आकडा मिळतो, आणि पुढे शेवटच्या २० मधल्या सर्वोत्तम ८ वरून तो ठरतो. कमाल मर्यादा ५४. ती मिळाली तरी वाईट वाटून घेऊ नका, मला तीच मिळाली होती.

एकमेकांत खेळताना फटके मोजण्यापेक्षा स्टेबलफर्ड पद्धत घ्या. डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड या इंग्रज डॉक्टरने ती काढली, १९३२ मध्ये वॉलसीच्या क्लबात तिची स्पर्धा झाली. हँडिकॅप धरून पार केला तर २ गुण, एक जास्त लागला तर १, त्याहून बिघडला तर शून्य आणि बॉल उचलून खिशात. एका होलवर अकरा फटके मोजत कुढत बसावं लागत नाही. डॉक्टरी उपायच तो.

९. ऊन, वीज, गवत

मार्च ते मे पहिली वेळ मिळाली तरच जा, नऊच्या आत आटपा. तहान लागण्याची वाट न बघता दर दोन होलला चार घोट. चक्कर, मळमळ, घाम थांबणं यातलं काही झालं तर राउंड तिथेच सोडा; सावली, पाणी, आणि बरं वाटेना तर सरळ दवाखाना.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून बॉल विनादंड बाजूला घेता येतो. पण गडगडाट ऐकू आला की भोंग्याची वाट बघू नका. मोकळ्या मैदानात हातात धातूची काठी घेऊन उभा असलेला सगळ्यात उंच प्राणी तुम्ही असता. झाडाखाली नाही, इमारतीत किंवा गाडीत.

रफमध्ये (वाढलेल्या गवतात), झुडपात बॉल गेला तर हात घालू नका. आधी क्लबने गवत हलवा, दिसला तर ठीक, नाहीतर राम म्हणा. साप आपल्या बॉलसाठी जागा सोडत नाही. कावळा किंवा घार बॉल पळवते तेव्हा मात्र नियम दयाळू आहे: पळवताना दिसलं असेल तर मूळ जागी दुसरा बॉल ठेवा, दंड नाही.

१०. चौकडी जमवा

एकट्याने कुणी नेमाने खेळत नाही. मीही नाही. कॅडी मास्टरला सांगून ठेवा की अमुक दिवशी जागा असेल तर बसवा. दोन-तीन महिन्यांत सूर जुळणारे भिडू सापडतात. तुमच्यासारख्याच चालीचे बघा, तुमच्यासारख्याच खेळाचे नसले तरी चालतील. पैज लावायची तर चहा-ऑम्लेटवर. पैशांवर लागली की चौथ्या महिन्यात कुणीतरी बोलणं टाकतं.

आमचा नियम असा आहे की सोमवारी संध्याकाळी सातला चौघांच्या ग्रुपवर फक्त "हो" किंवा "नाही" लिहायचं, कारण द्यायचं नाही. दोन "हो" आले तरी वेळ पक्की करतो. आमच्यातले एकजण गेल्या पावसाळ्यात गुडघा बदलून आले. तीन महिने त्यांचं "नाही" येत होतं, पण सातच्या ठोक्याला येत होतं. डिसेंबरात डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर बग्गीतून आले आणि फक्त पुट केले, नऊही ग्रीनवर. ऑम्लेटचे पैसे त्या दिवशी मी दिले.